आधी पैसे, मग माप

३ ऑगस्ट

चि. बारक्यास,

ताईचा आशीर्वाद. इकडे बाबा आणि मी बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते बंदही करता येत नाही.

बाबांचा गुडघा आहे तसाच. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. बाबा म्हणतात, आधी डॉक्टरला चालून दाखवायला सांग. चष्मा नवा केला तरी सुईत दोरा ओवायला मलाच हाका मारतात. शिवायचं काही नसतं. ओवलेली सुई समोरच्या उशीला टोचून ठेवतात आणि बघत बसतात.

आता माझी बातमी. ऐकून हसशील, तर हस बापडा. मी कॉलेजात नाव घातलंय. एकोणपन्नासाव्या वर्षी, पहिल्या वर्षाला, हिशेब शिकायला! सकाळी सात ते दहा वर्ग, मग तिथून थेट आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचं काउंटर. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मला दारातच म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचंय." मी म्हटलं, "पालक नाही हो, मी बालक आहे." सगळा वर्ग हसला, मॅडम तेवढ्या लाजल्या. माझ्या शेजारी एक बेकरीवाले बसतात, साठीला आलेले. पहाटे भट्टी लावून येतात, त्यामुळे बाकावर पीठ सांडतं आणि पहिल्या तासाला ते डुलक्या काढतात. आम्ही दोघं वर्गातले म्हातारे.

लॅबचे साहेब म्हणाले, जन्मभर काउंटरवर पावत्या फाडायच्या नसतील तर हिशेब शिकून घ्या. म्हणून शिकतेय. दुसरं काही कारण नाही.

तर काम असं, की मॅडमनी घरचा अभ्यास दिलाय. ओळखीच्या एखाद्या छोट्या दुकानाच्या खऱ्या वह्या घ्यायच्या आणि एका वर्षाचा हिशेब पुस्तकात सांगितलाय तसा मांडायचा. बाबांच्या वह्या इथेच आहेत. तू दुकान चालवलंस त्या वर्षाच्या तेवढ्या तीन तुझ्याकडे आहेत. त्या पाठवून दे. कुठलंही वर्ष चाललं असतं म्हणा, पण तुझं अक्षर चांगलं आहे.

आणि जाता जाता आणखी एक. दुकानाच्या गाळ्याला गिऱ्हाईक आलंय, भाव बरा देतोय. वकिलांनी एक कागद करून दिलाय, तो सोबत जोडलाय. तू तुझा हिस्सा सोडतोस, एवढंच त्यात आहे. बाबा काही बोलत नाहीत, पण तुझं जे काय होतं ते तुला सात वर्षांपूर्वीच मिळालं, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. त्यावर मला आता काही उगाळायचं नाही. फुली मारलीय तिथे सही कर आणि पाठव. घाई नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पुरे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून सरळ लिहिलं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई


२४ ऑगस्ट

चि. बारक्यास,

वह्या मिळाल्या. पत्र टाकल्यापासून पाचव्या दिवशी! सात वर्षांत एका फोनला उत्तर नाही आणि वह्या मात्र पाचव्या दिवशी दारात. बांधून तयारच ठेवल्या होत्यास की काय? कागदावर सही मात्र नाही. वह्यांसोबत साधी चिठ्ठीही नाही. असो.

मागितल्या तीन आणि आल्या चार. चौथी पातळशी, तिच्यावर "तारेची वही" असं लिहिलंय. ही मी आजवर कधी पाहिलेली नाही. पानापानावर मुलांची नावं, शाळा, उंची, कंबर आणि पैसे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पेन, एकच शाई, एकच तारीख, एक एप्रिल. एका दिवसात तीनशेच्या वर नोंदी कोण लिहितं रे? मला विचारशील तर ही वही कुणीतरी नंतर बसून तयार केलेली आहे. कुणीतरी म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही.

वर्गात सध्या नावे आणि जमा चाललंय. कुठलाही पैसा दोन ठिकाणी लिहायचा, एकदा कुठून आला तिथे आणि एकदा कुठे गेला तिथे. मला हे फार आवडलं. कुणी काही गडप केलं की एक बाजू उघडी पडते. बेकरीवाल्यांना हे अजून पचलेलं नाही. ते म्हणतात, एकदा लिहूनच पोट भरत नाही, दोनदा लिहून काय होणार?

तर मी तुझं वर्ष मांडलं. काय दिसलं ते ऐक.

बाबांच्या शेवटच्या वर्षी, एकतीस मार्चला, गल्ला आणि बँक मिळून चार लाख वीस हजार उरले. दरवर्षी असंच उरायचं, कधी साडेतीन, कधी चार. त्या वर्षी त्यातले साडेतीन लाख बाबांनी माझ्या घरासाठी मला दिले, उरलेले सत्तर हजार गल्ल्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी किल्ली तुझ्या हातात दिली. काय चोख माणूस! त्या पैशांवर या दोन खोल्या उभ्या राहिल्या, नाहीतर लॅबच्या पगारात मी अजून भाड्यानं राहिले असते. आणि तुझ्या वर्षाच्या अखेरीला उरले किती, तर एक लाख दहा हजार. तेच दुकान, त्याच मशिनी, तेच कारागीर. मग मधले तीन लाख दहा हजार कुठे गेले?

एक मोठी शाळा दुसऱ्या शिंप्याकडे गेली, हे मला ठाऊक आहे. तू ते वर्षभर सांगत होतास. एक शाळा गेली म्हणून तीन लाख जातात का?

आणि हे काय आहे? नऊ एप्रिल, जमा, "घरून, एक लाख वीस हजार." घरून म्हणजे कुठून? दुकान हातात येऊन जेमतेम आठ दिवस झाले तर तुझ्या घरी एवढे पैसे आले कुठून? मी त्या ओळीखाली लाल रेघ मारून ठेवलीय. कुठेतरी पाणी मुरतंय खास.

वर्षअखेरीला मी पैशांचा जाब विचारला तेव्हा तू मला एकच वाक्य बोलला होतास, दुकानाच्या पायरीवर बसून. "ताई, तार मोज." मी कशाला तार मोजू? तारेवर काय पैसे असतात? बाबांचा नियम तुलाही माहीत आहे, आधी पैसे, मग माप. आईबापांनी पूर्ण पैसे भरायचे, मग पोराची मापं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी भिंतीवरच्या तारेला टोचायची आणि शाळा सुरू व्हायच्या आत गणवेश शिवून दिला की ती फाडायची. मार्चअखेरीला तार चिठ्ठ्यांनी वाकायची आणि बाबा तिच्याकडे बघून म्हणायचे, "यंदा बरकत आहे." पैसे गल्ल्यात आलेले, मोजलेले. आता त्यात तारेचा काय संबंध? तू विषय बदललास, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी वह्या पसरून बसले की बाबा उठून गॅलरीत जातात. त्यांना त्रास होतो रे, पोटच्या पोराचं अक्षर बघून.

सही लवकर पाठव. कर नाही त्याला डर कशाला?

ताई


१२ सप्टेंबर

बारक्या,

सही केलेला कागद काल आला. फुली होती तिथे सही, खाली तारीख, बाकी पाकिटात काही नाही. पाकीट मी उलटं करून झटकलंसुद्धा.

मला आनंद व्हायला हवा होता. वकिलांना फोन केला, ते म्हणाले, "झालं तर मग, सुटलात!" पण मला काल रात्रीपासून चैन नाही. माणूस आपला हिस्सा असा सोडतो का? ना भांडण, ना घासाघीस, ना एक शिवी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल तर गोष्ट वेगळी. पण मग वह्या कशाला पाठवल्यास? ज्याला लपवायचं आहे तो म्हणाला असता, हरवल्या, वाळवी लागली, पुरात गेल्या. तू तर न मागितलेली वहीही पाठवलीस. तुझा डाव काय आहे ते एकदा कळू दे मला.

आता लिहायलाच बसलेय तर एक सांगून टाकते. लॅबच्या साहेबांनी मला काही शिकायला सांगितलं नव्हतं. त्यांना माझं नावही धड ठाऊक नाही, "ओ काउंटर" म्हणतात. मी नाव घातलं ते तुझ्यासाठी. गाळ्याचं गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्याचाही हिस्सा आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पुराव्यानिशी दाखवते याचा हिस्सा कसा संपला ते. घरचा अभ्यास तेवढा खरा आहे. दुकान कुठलं घ्यायचं ते मी ठरवलं.

आणि दुसरंही. तुला वाटत असेल की गल्ल्यात पैसे कमी आहेत हे बाबांनी ओळखलं. बाबांनी नाही, मी ओळखलं. वर्षअखेरीला तू जेवायला गेला होतास तेव्हा गल्ला मी मोजला. बँकेचं पुस्तक मी काढलं. "बाबा, याने हात मारलाय," हे शब्द माझे. तुझ्या बायकोचा गळा त्या वर्षभर ओका होता, तेही मीच बाबांना दाखवलं. म्हटलं, चोरी झाकायला गरिबीचं सोंग आणतेय. बाबा तेव्हा नुसते मापाच्या टेपला गुंडाळी घालत राहिले. मी त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजले.

हे सगळं मी आज का लिहितेय तर परवा वर्गात जे झालं त्यामुळे. माझा हिशेब तपासून परत आला. बेरजा सगळ्या बरोबर. पण बाबांचे ते चार लाख वीस मी नफा म्हणून मांडले होते, त्यांच्याभोवती मॅडमनी मोठं वर्तुळ काढलेलं आणि शेजारी लिहिलेलं, "कपडे दिले होते का?"

मी उभी राहिले. "मॅडम, पैसे आले, मोजले, गल्ल्यात ठेवले. ही कमाई नाही तर काय?"

"गणवेश कधी दिले?"

"शाळा उघडायच्या आधी. दोन-अडीच महिन्यांनी."

"मधेच दुकान बंद पडलं तर?"

"बंद कशाला पडेल? चांगलं तीस वर्षांचं दुकान आहे."

"समजा पडलं."

"तर पैसे परत करावे लागतील. लोक सोडतील होय?"

"मग जे परत करावं लागू शकतं ती कमाई कशी? ते देणं. शर्ट पोराच्या अंगावर चढेपर्यंत ते पैसे त्याच्या आईबापाचे. तुमच्या गल्ल्यात नुसते राहायला आलेत."

बेकरीवाले खडबडून जागे झाले. "अहो, म्हणजे माझ्याकडे केकचे आगाऊ पैसे पडलेत, ते माझे नाहीत?"

"केक दिलात की तुमचे."

"मग मी त्यांतून नवा ओव्हन घेतला त्याचं काय?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्याच्या पैशांनी ओव्हन घेतलात. आता पीठ-साखर कशातून आणणार, ते बघा."

खरं सांगते, क्षणभर वाटलं की या बाईला तूच पढवून ठेवलंयस. एवढा माझा तुझ्यावर विश्वास!

पण मी अशी सहजासहजी ऐकणारी नाही. बाबांच्या शेवटच्या मार्चला तारेवर नेमक्या किती चिठ्ठ्या होत्या, हे आता कोण सांगणार? चिठ्ठ्या फाडून झाल्या. उरली ती तुझी चौथी वही आणि ती तुझ्याच हातची. माळ्यावर बाबांची पावतीपुस्तकं आहेत, त्यांत फाडलेल्या पावत्यांचे अर्धे भाग राहिलेत, बाबांच्या अक्षरात. रविवारी ती काढते आणि तुझ्या वहीशी एकेक ओळ ताडून बघते. वही खोटी असेल तर एका दिवसात कळेल. मग कागदावर तुझी सही आहेच.

खोटी निघू दे, असं मी कालपर्यंत म्हणत होते. आज काय म्हणू ते कळत नाहीये.

ताई


२६ सप्टेंबर

बारक्या, माझ्या बाळा,

या पत्राला आशीर्वाद घालत नाही. माझा आशीर्वाद तुला कुठल्या तोंडानं देऊ?

वही खरी आहे.

पावतीपुस्तकं काढली. चार पुस्तकं, उंदरांनी कडा खाल्लेली, पण आकडे शाबूत. जमिनीवर बसून एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताचं बोट तुझ्या वहीवर. पहिली पन्नास नावं जुळली तेव्हा मी म्हटलं, सुरुवात जुळवली असेल, पुढे घसरेल. शंभर झाली. दोनशे झाली. उंची, कंबर, पैसे, सगळं. शेवटी बाबांच्या पावत्या निघाल्या तीनशे बारा आणि तुझ्या नोंदी तीनशे अकरा. अकराशेंचा फरक! काय सांगू तुला, मला हर्ष झाला. मी मोठ्यानं म्हणाले, "सापडला!" मग पावतीचा तो अर्धा तुकडा उलटला. मागे बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, "बदली झाली. पैसे परत." तिथेच मी भिंतीला टेकले.

तू किल्ली हातात आली त्याच दिवशी तारेवरची एकेक चिठ्ठी काढून लिहून घेतलीस. म्हणून एक पेन आणि एक तारीख. आता कळतंय की कुणीही शहाणा माणूस तेच करेल.

मॅडमनी सांगितलं तसं मी पुन्हा मांडलं. तुला हे सगळं पाठ असेल, पण मला माझ्या हातानं लिहू दे. बाबांच्या शेवटच्या मार्चला उरले चार लाख वीस हजार. त्यांतले तीन लाख नव्वद हजार तारेवरच्या पोरांचे. म्हणजे बाबांचे स्वतःचे तीस हजार. आणि त्यांनी मला दिले साडेतीन लाख. माझ्या घरात जे तीन लाख वीस हजार जास्तीचे आले ते दुकानाचे नव्हतेच. कुणाच्या तरी हाफपँटचे, कुणाच्या तरी फ्रॉकचे होते. मी इतकी वर्षं चोर शोधतेय आणि त्या पैशांच्या भिंतींना पाठ लावून बसून शोधतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तुला काय मिळालं? सत्तर हजार आणि तीनशे अकरा पोरांचे कपडे शिवायचं ओझं. कापड उधार मिळालं नसेल. कारागीर थांबले नसतील. नऊ एप्रिल, घरून, एक लाख वीस हजार. तुझ्या बायकोचा गळा एप्रिलमध्येच ओका झाला होता. मी तो पाहिला, महिनाही लक्षात ठेवला आणि बाबांना दाखवला. लाल रेघ मारलीय मी त्या ओळीखाली. ती आता खोडरबरानं जात नाही.

आणि एवढं सगळं असूनही, एक मोठी शाळा जाऊनही, तू एकही पोर गणवेशाशिवाय ठेवलं नाहीस. तुझ्या वर्षाच्या अखेरीला गल्ल्यात एक लाख दहा होते आणि तारेवर फक्त एक लाख साठ. तीन लाख वीसचा खड्डा तू पन्नास हजारांवर आणलास. बायकोचे एक लाख वीस बाजूला काढले तरी त्या वर्षी तू निव्वळ दीड लाख कमावलेत. मी तीनदा बेरीज केली. बेकरीवाल्यांकडूनही करून घेतली. ते म्हणाले, "हा मुलगा कुठे आहे? मला याला कामावर ठेवायचंय."

मग मी बाबांकडे गेले. वह्या घेऊन गॅलरीतच गेले, म्हणजे त्यांना उठून जायला जागा राहिली नाही. सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, ते चिडतील. म्हणतील, काल कॉलेजात गेलीस आणि मला दुकान शिकवतेस? त्यांनी तुझी वही हातात घेऊन पहिलं पान उघडलं. मग म्हणाले, "त्यानं मला सांगितलं होतं."

"कधी?"

"किल्ली दिली त्याच संध्याकाळी. वही घेऊन आला होता. म्हणाला, बाबा, ताईला दिले ते आपले नव्हते."

"मग?"

"मी म्हटलं, ताईला बोलू नकोस. तिनं कालच घराचे पैसे भरलेत. ती परत करायला निघेल आणि राहील रस्त्यावर. तू तरुण आहेस, तू भरून काढशील."

मी विचारलं, "आणि वर्षानं मी त्याला चोर म्हटलं तेव्हा?"

बाबा उठू लागले, पण वाट मी अडवलेली. मी उठले नाही. मग म्हणाले, "मला वाटलं, आता तो बोलेल. तो बोलला की मी हो म्हणणार होतो. तो बोललाच नाही. मग मला बोलता येईना. एक दिवस गेला, दोन गेले, मग वर्ष गेलं. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

मी त्यांच्यावर ओरडले, बारक्या. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. शेजारचे दारात आले. आणि ओरडता ओरडताच मला कळत होतं की बाबांनी नुसतं तोंड बंद ठेवलं, शब्द माझा होता. ते गप्प बसले ते माझ्या घरासाठी. तू गप्प बसलास तेही माझ्याच घरासाठी. आणि बोलत होते ती एकटी मी.

तुझाही मला राग येतो, खोटं कशाला बोलू? "ताई, तार मोज" एवढंच म्हणून उठून गेलास. थोबाडीत का नाही दिलीस? हात धरून तारेपाशी का नाही नेलंस? मोठ्या बहिणीनं चोर म्हटलं की माणसानं निदान एकदा तरी भांडावं. पण मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. नसतं ऐकलं.

आता कामाचं. वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "बाई, कागद तुमच्या फायद्याचा आहे, सही झालेली आहे, परत कशाला पाठवता?" तो कागद सोबत आहे, त्याचं काय करायचं ते तू कर. गाळ्याचे पैसे आले की आधी तुझ्या बायकोचे एक लाख वीस हजार. मला साडेतीन लाख आधीच मिळालेत असं धरायचं. मग बाबांचा भाग काढून उरेल त्यातून आधी तुला साडेतीन, म्हणजे आपण बरोबरीला आलो आणि त्याच्या पुढचं निम्मं निम्मं. मी हे लिहून, खाली सही करून वकिलांकडे दिलंय. बाबांनीही सही केलीय.

हे झालं पैशांचं. पैशांच्या नोंदीला दुसरी बाजू असते, ती लिहिली की जुळतं. सात वर्षं तू दुसऱ्याच्या दुकानात कापड कापतोयस, तुझी पोरं आजोबांना ओळखत नाहीत आणि गल्लीत अजून कुणी विचारलं की मी म्हणते, "त्याचं नाव काढू नका." हे कुठे लिहायचं ते मॅडमनाही येत नाही. मी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. गल्लीत मात्र मी काल दारोदार गेले. वाण्यापासून सुरुवात केली. म्हटलं, माझा भाऊ चोर नव्हता, मी चुकले. वाणी म्हणाला, "आम्हाला कधी वाटलंच नव्हतं." बघ, म्हणजे वाटत होतं ते मला एकटीला.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं बाबा आणि मी येतोय. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे असं ऐकलंय. बाबा म्हणतात, बसत बसत चढीन. तू खाली घ्यायला येऊ नकोस, आणि दारही तू उघडू नकोस. तू उघडशील, हे मला माहीत आहे, म्हणूनच तू नाही. हे पत्र तुझ्या बायकोला वाचायला दे, पहिल्या ओळीपासून, तिच्या गळ्याबद्दल लिहिलंय तेसुद्धा. उघडायचं की नाही ते तिनं ठरवायचं. नाही उघडलं तर आम्ही तिच्यावर रागावणार नाही. थोडा वेळ जिन्यात बसू, बाबांना दम लागलेला असेल. परतीची गाडी दुपारी आहे.

तुला चोर म्हणाली ती,
तुझी ताई